उडदामाजी

शनिवारी न्हाणीघर माझं नसतं.
दाराच्या फटीला तो माझाच टॉवेल कोंबतो
आणि आतून ओरडतो, दिवा लावू नकोस!
जणू पन्नास वर्षांत मी कधी लावला होता.
(एकदा लावला होता. त्र्याहत्तर साली. अजून काढतो.)

व्लास्तिमिल, निवृत्त ट्रॉलीबस चालक,
पार्दुबित्से, तिसरा मजला, लिफ्ट बंद.
दोन फिल्म आणल्यात त्यानं.
दोघींचा वेग चारशे, दोघी कृष्णधवल,
एक पंचवीस क्राउननं स्वस्त.
दुकानातला पोरगा म्हणाला,
आजोबा, आतला माल एकच, खोकं तेवढं वेगळं.
झालं.
तेव्हापासून आमच्या घरात झोप नाही.

कॅमेरा एकच, म्हणून एका रविवारी ही फिल्म,
पुढच्या रविवारी ती.
लाबेकाठच्या बागेत, सफरचंदाखाली, अकराच्या ठोक्याला,
खुर्चीच्या चार पायांना चार खुंट्या ठोकलेल्या.
खुर्चीत मी.
हातात राखाडी पुठ्ठा, गळ्यात लाल मफलर,
शेजारी उसनी आणलेली एक काळी कोंबडी, एक पांढरी.
क्व्येता कुंपणावरून विचारते, हे कशासाठी गं?
पासपोर्टसाठी, मी म्हणते.
हलू नकोस, तो म्हणतो.
कोंबड्यांना काही म्हणत नाही.

मग वीस अंश. एकोणीस नाही, एकवीस नाही.
डबा उलटा, डबा सुलटा,
दर मिनिटाला दहा सेकंद, पुटपुटत.
थांब्यावर दार उघडून असाच मोजायचा तो.
धावत येणाऱ्या बाईसाठी तेव्हा
दहाचे पंधरा करायचा.
इथं कुणासाठी थांबत नाही.

दोरीवर माझ्या मोज्यांशेजारी
दोन निगेटिव्ह लटकतात, चिमट्यांनी ताणलेल्या.
त्यांत काळी कोंबडी पांढरी, पांढरी काळी,
आणि माझे केस
लग्नाच्या वेळी होते तसे.
मी बघत उभी राहते.
हात लावू नकोस, ओली आहे, तो म्हणतो.

तीन आठवडे.
मी खसखस दळते, तो दाणा मोजतो,
भिंगाला डोळा, डोळ्याला पाणी.
उडदामाजी काळेगोरे निवडत बसावं
तसा करड्यातून करडा वेगळा काढतो:
हा राखेचा, हा पारव्याचा,
हा भिजलेल्या पत्र्याचा.
सावल्या सारख्या. आभाळ सारखं.
पिसंन्‌पिसं सारखं.
वही रिकामी, चेहरा पडलेला.

आणि मग एका रात्री, साडेअकराला,
मला उठवून दिव्याखाली नेलं.
बघ! मफलर बघ!
पहिलीत गडद, दुसरीत फिका.
म्हणजे दुसरीला लाल जास्त दिसतो!
माल एक नाही, द्राहोमीरा! माल एक नाही!
पायजम्यावरच दोन फोन केले त्यानं,
वहीत तांबड्या शाईनं चौकट काढली,
आणि गाडं रुळावर आल्यासारखा घोरला.

मी जागी.
त्या दोन रविवारांच्या मधल्या बुधवारी
मी तो मफलर धुतला होता.
पाणी गुलाबी झालं होतं
आणि त्याची एक बनियनही. ती मी लपवली.

गुरुवारी गप्प राहिले.
शुक्रवारी त्यानं आपणहून कचरा खाली नेला, शीळ घालत.
शनिवारी दारातून मला न्हाणीघर देऊ केलं.
रविवारी क्व्येताला समजावत होता तो,
तांबडा प्रकाश म्हणजे काय,
आणि ती बिचारी अंड्यांची टोपली धरून उभी.

सोमवारी सूप वाढताना सांगून टाकलं.

चमचा थांबला.
वाफ त्याच्या चष्म्यावर चढली, उतरली.
मला वाटलं आता वही फाडणार,
किंवा त्र्याहत्तर साल काढणार.

तो उठला. वही आणली. पेन्सिलीला टोक केलं.
खुर्ची माझ्याजवळ ओढून
अगदी हळू, डॉक्टरनं विचारावं तसं विचारलं,
किती अंशावर धुतलास?

साठ, मी म्हटलं.

आणि किती मिनिटं?